जी बरी होणार नाही, तिची सेवा



साप्ताहिक सत्संग संपल्यावर इंदूरच्या एक साधिका भगिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, प्रश्न लहान आहे. विचारायला थोडा संकोच वाटतो." प्रश्न एका मांजरीचा होता. त्यांच्या शहरातील काही तरुणांनी रस्त्यावरून एक मांजर उचलून आणली होती. वय सात-आठ वर्षांचे असावे. गळ्यावर पट्ट्याचा वळ होता, म्हणजे ती कुणाच्या तरी घरात वाढलेली होती. तपासणीत कळले की तिला मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. या विकारात मांजर फार पाणी पिते आणि लघवीही फार करते. कदाचित याच कारणाने, घर घाण करते म्हणून, तिला बाहेर सोडले असेल. निरोगी पिल्लांना घरे मिळाली, हिला कोणी नेत नव्हते.

भगिनींच्या मनात ती भरली होती. पण घरात तीन मते होती. सासूबाई म्हणत होत्या, मांजर अशुभ, त्यात तिला मांस लागणार, आपल्या घरात देव्हारा आहे. यजमान म्हणत होते, जी बरीच होणार नाही तिच्यावर खर्च कशासाठी? आणि भगिनींच्या स्वतःच्या मनात तिसरीच भीती होती. "दादा, इतकी वर्षे साधना करून मी पुन्हा एका मोहात तर पडत नाही ना? भरत राजाचे झाले तसे माझे होईल का?"

मला हा प्रश्न लहान वाटला नाही. साधनेत शिकलेले सारे घरातील एका कोपऱ्यात, एका वाटीपाशी खरे करून दाखवावे लागते, तेव्हा असे प्रश्न उभे राहतात. म्हणून त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधावे असे वाटले.

दारी आलेला जीव

महाभारताच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराज हिमालयाची वाट चालत आहे. द्रौपदी पडली, भाऊ एकेक करून पडले. उरला तो फक्त मागे मागे येणारा एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चल, कुत्र्याला येथेच सोड. युधिष्ठिर नकार देतो. जो भक्तीने, भरवशाने सोबत आला, त्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होते.

ही कथा सांगताना आपण शेवटावर जास्त बोलतो. पण युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यासमोर देव नव्हता, कुत्राच होता. त्या कुत्र्याकडे देण्यासारखे काही नव्हते. तो युद्धात उपयोगी पडणार नव्हता की राज्य परत मिळवून देणार नव्हता. उपयोग संपल्यावरही नाते टिकते का, हीच त्या प्रसंगाची परीक्षा आहे. रस्त्यावर सोडलेली ती मांजर कोणाच्या तरी घरात या परीक्षेला बसली होती, आणि त्या घरातील माणसे नापास झाली.

आपल्या देशाचा कायदाही येथे मूक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांतही सजीवांविषयी करुणा बाळगणे आहे. आपले पूर्वज हेच भूतयज्ञ या नावाने करीत होते. गृहस्थाच्या रोजच्या पाच महायज्ञांत देव, ऋषी, पितर आणि अतिथी यांच्यासोबत मुक्या प्राण्यांचाही घास काढून ठेवलेला आहे.

दया की मोह?

आता भगिनींच्या भीतीकडे येऊ. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीच्या तीरी तप करीत होता. एक गर्भवती हरिणी पाणी पिताना सिंहाच्या गर्जनेने भ्याली आणि तिने नदीपलीकडे उडी घेतली. पाडस प्रवाहात पडले, हरिणी मेली. भरताने पाडसाला पाण्यातून काढले आणि आश्रमात आणले. पुढे त्याचे चित्त त्या पाडसात इतके गुंतले की अंतकाळी तेच आठवले, आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला.

या कथेवरून अनेक जण सांगतात की साधकाने प्राण्याचा लळा लावून घेऊ नये. पण कथा नीट वाचा. भरताने पाडस वाचवले, ही त्याची चूक कोठेही म्हटलेली नाही. त्याने त्याला वाहून जाऊ दिले असते, तर तो तपस्वी राहिला नसता, निष्ठुर झाला असता. चूक नंतर घडली. हळूहळू त्याचे स्नान-संध्या, नियम, पूजन सुटत गेले. पाडसाची सेवा करता करता ते "माझे" झाले, आणि ते जरा दृष्टीआड गेले की तो व्याकूळ होऊ लागला.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत. तेथे दुसऱ्याच श्लोकात भूतमात्रांवरची दया आणि अलोलुपता, म्हणजे हव्यास नसणे, हे दोन गुण शेजारी शेजारी बसवले आहेत. भगवंताला त्यांत विरोध दिसला नाही. तो आपल्याला दिसतो, कारण आपली दया पुष्कळदा हव्यासाच्या सोबतीने येते. गोंडस पिल्लू हवे, मांडीवर बसणारे हवे, खेळणारे हवे, फोटोत छान दिसणारे हवे. ज्या जिवाला आपली गरज आहे त्याच्याऐवजी आपल्याला ज्याची गरज आहे तो जीव आपण निवडतो.

म्हणून मी त्या भगिनींना म्हणालो, "ताई, मोह तपासायचा असेल तर एवढेच पाहा. या मांजरीकडून तुम्हाला काय हवे आहे?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काही नाही. तिला पाण्याची वाटी कधी रिकामी दिसू नये, एवढेच."

शुभ-अशुभ आणि देव्हारा

सासूबाईंची शंका अनादराने उडवून लावू नये. पिढ्यान् पिढ्या ऐकलेले मनात खोल रुजलेले असते. पण मांजर आडवी गेली की काम बिघडते म्हणणाऱ्या याच देशात, बंगालमध्ये, लेकराबाळांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजरच आहे. आपल्याकडे बाळाची सटवाई पुजतात, त्याच परंपरेतील ही देवी. एका प्रांतात जिला पाहून लोक थबकतात, दुसऱ्या प्रांतात तिच्यावर जगन्माता बसते. मग अशुभ काय, मांजर की आपली नजर?

दक्षिणेश्वरला श्रीरामकृष्ण परमहंसांनी कालीमातेच्या नैवेद्यातील अन्न एका मांजरीला भरवले होते, कारण तिच्यातही त्यांना माताच दिसत होती. मंदिराच्या व्यवस्थेतील माणसाने मथुरबाबूंकडे तक्रार केली, पण मथुरबाबूंनी त्यांना अडवू नये असेच कळवले. आणि आपले नाथमहाराज! काशीहून रामेश्वरासाठी कावडीतून आणलेली गंगा त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. रामेश्वराला पाणी पोहोचले, असाच त्यांचा भाव होता.

आपण नाथमहाराज नाही, परमहंसही नाही. देव्हाऱ्याची शुचिता पाळायची असेल तर खुशाल पाळा, पूजेच्या वेळी दार लावून घ्या. त्यात मांजरीचा अपमान नाही. उलट काही काळजी तिच्याचसाठी घ्यावी लागते. लिलीची फुले घरात आणू नका. त्यांचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजरीची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कापूर झाकून ठेवा, तोही तिच्या पोटात जाणे धोक्याचे असते.

तिचा स्वधर्म, आपला स्वधर्म

खरा अवघड प्रश्न अन्नाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे शाकाहारी आहेत. मांजर मात्र जन्मतःच मांसाहारी आहे. तिच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य लागते, ते पुरेसे तयार करणे तिच्या देहाला जमत नाही, आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळपास नसते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये संशोधनातून सिद्ध झाला. आपण गाजरातून जे अ जीवनसत्त्व मिळवतो, तेही मांजरीला तसे मिळवता येत नाही. आणि दूध? मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरींना ते पचत नाही, जुलाब होतात.

तेव्हा दूधभातावर मांजर पाळणे ही अहिंसा नव्हे. आपले व्रत आपण दुसऱ्याच्या देहावर लादणे आहे. वाघाला गवत खायला लावून कोणी पुण्यवान होत नाही. आपला स्वधर्म आपल्या ताटापुरता, तिचा स्वधर्म तिच्या वाटीत. ज्यांना हे मनापासून पटत नाही त्यांनी मांजर आणू नये. त्यात कमीपणा नाही, कारण सेवेसाठी इतर अनेक जीव आहेत. ज्यांना पटते त्यांना घरात मांस शिजवावे लागत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्ण मांजरींसाठी फॉस्फरस कमी आणि प्रथिने मोजकी असलेले तयार अन्न पशुवैद्यांच्या सल्ल्याने मिळते. तिची वाटी वेगळी, चमचा वेगळा, कोपरा वेगळा. एवढ्याने घर बाटत नाही.

फळ नसलेले कर्म

यजमानांचा प्रश्न व्यवहाराचा होता, पण त्याच्या पोटात गीता आहे. जी बरी होणार नाही तिच्यासाठी कशाला?

आधी हा विकार समजून घेऊ. मूत्रपिंडे रक्त गाळून शुद्ध करतात. त्यांची राखीव शक्ती मोठी असते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेले असते. गेलेला भाग परत येत नाही. मांजर दुखणे लपवते. ती जास्त पाणी पिऊ लागते, वजन घटते, जेवणाची इच्छा जाते, उलट्या होतात, अंगावरचे केस राठ होतात. उपचार सोपे असतात, पण रोजचे असतात. ठरलेले अन्न, सतत ताजे पाणी, मळमळ आणि रक्तदाब यांची औषधे, ठरावीक महिन्यांनी रक्ततपासणी. काही मांजरींना त्वचेखाली सलाईन द्यावे लागते. खांद्यांमधली सैल कातडी उचलून सुई कशी घालायची हे पशुवैद्य घरच्यांना शिकवतात. अशी काळजी घेतली तर कित्येक मांजरी महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे, सुखाने जगतात. मनाने मात्र काही देऊ नका. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. घरगुती काढेही पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नकोत.

आता सांगा, हे वर्णन ओळखीचे वाटत नाही का? ठरलेली वेळ, ठरलेली कृती, एक दिवसही खंड नाही, आणि फळ आपल्या हाती नाही. आपण याला नित्यकर्म म्हणतो. सकाळची माळ ओढल्यावर "आज काय मिळाले?" असे आपण विचारत नाही. विचारत असू, तर साधना अजून कच्ची आहे.

बऱ्या होणाऱ्या रुग्णाची सेवा करताना मनाच्या कोपऱ्यात बक्षिसाची आशा असते. तो उठून बसेल, आभार मानेल, लोक म्हणतील, किती केले हो यांनी! न बऱ्या होणाऱ्याची सेवा ही आशाच काढून घेते. मांजर तर आभारही मानत नाही. सुई टोचली की ती दोन तास पलंगाखाली जाऊन बसते आणि तुमच्याकडे पाहतही नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तुम्हाला पुन्हा बसायचे असते. निष्काम कर्मावर दहा प्रवचने ऐकून जे कळत नाही, ते त्या पलंगापाशी गुडघे टेकून बसल्यावर कळू लागते.

आधी स्वतःला विचारा

तरीही भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. एकदा आणलेला जीव पुन्हा सोडणे हे पहिल्यापेक्षा मोठे पाप ठरेल. पाच प्रश्न शांतपणे विचारा.

१. औषधे, विशेष अन्न आणि तपासण्या यांचा दरमहा खर्च घरातील मुलांचे शिक्षण आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी न अडवता झेपेल का? पशुवैद्यांकडून आकडा आधी लिहून घ्या.

२. तुम्ही गावाला, शिबिराला किंवा यात्रेला गेलात तर तिचे कोण करील?

३. घरातील सर्वांची संमती आहे का? आनंदाने नसेल तरी निदान विरोध न करण्याइतकी?

४. तिचे लसीकरण आणि नसबंदी झाली आहे का? घरात दुसरी मांजर असेल तर संसर्गाच्या तपासण्या झाल्या आहेत का?

५. ती वर्षभरात गेली, तर "कशाला केले" असे म्हणणार नाही ना?

एकाही प्रश्नाचे उत्तर नाही असेल तर आणू नका. तिच्या औषधाचा थोडा खर्च उचला, सुटीच्या दिवशी जाऊन तिची जागा स्वच्छ करा, तिला घर मिळावे म्हणून चार जणांना सांगा. आपली मर्यादा ओळखून केलेली लहान सेवा, मर्यादा विसरून केलेल्या मोठ्या सेवेपेक्षा सात्त्विक असते.

सोळा महिने

त्या भगिनींनी मांजर घरी आणली. सासूबाईंनी तिला कधी मांडीवर घेतले नाही. पण दुपारी सर्व निजले की त्याच उठून तिच्या वाटीत पाणी आहे का ते पाहून येत. यजमानांनी दिनदर्शिका काढून त्या खिळ्याला सलाईनची पिशवी टांगली आणि रोज हिशेबाच्या वहीत तिचे वजन लिहू लागले. ती सोळा महिने जगली.

शेवटी तिने खाणे सोडले. आणखी सलाईन देऊन केवळ श्वास लांबवायचा का, हा प्रश्न तेव्हा घरापुढे उभा राहिला. अशा वेळी काय करावे याविषयी साधकांमध्ये मतभेद आहेत. मी एवढेच म्हणेन की निर्णय आपल्या दुःखाकडे पाहून घेऊ नये, तिच्या वेदनेकडे पाहून आणि पशुवैद्यांचे ऐकून घ्यावा. त्या घराने नळ्या-सुया थांबवल्या, वेदना कमी करणारे औषध तेवढे चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. भगिनी तिच्याजवळ बसून नामस्मरण करीत होत्या.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "दादा, तुम्ही म्हणाला होता मोह तपासून पाहा. मग आता इतके रडू का येते? दोन दिवस मी माळही हातात घेतली नाही. पहाटे जाग येते आणि हात वाटीकडे जातो."

त्यांना धीर देण्यासाठी मी खोटे बोललो नाही. म्हणालो, "ताई, त्यात थोडा मोह आहेच. आपण माणसे आहोत. पण भरताला हे उशिरा कळले, तुम्हाला दोन दिवसांत कळले. आता उठा, माळ घ्या. आणि हात वाटीकडे जातो आहे तर जाऊ द्या. वाटी भरा, बाहेर कट्ट्यावर ठेवा. कुणीतरी येईल."

दया आणि मोह यांतला फरक मला तरी येथेच दिसतो. मोहाला तीच मांजर हवी असते, आणि ती गेली की तो वाटी पालथी घालून बसतो. दया वाटी भरते, मग कोण प्यायले हे पाहत बसत नाही.

आजचा संकल्प

श्रीवैष्णव आचार्यांच्या परंपरेत शरणागतीचा एक दृष्टांत आहे, मार्जारन्याय. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही. आई त्याला मानेशी अलगद उचलते आणि नेईल तेथे ते जाते. भगवंताने आपल्याला असेच उचलावे, अशी आपण रोज प्रार्थना करतो. आपणही कोठून तरी टाकलेले, काही ना काही जुनाट विकार घेऊन त्याच्या दारी आलेले जीव आहोत. क्रोध, लोभ, अहंकार यांपैकी एकही अजून पुरता बरा झालेला नाही. तरी त्याने आपल्याला परत पाठवलेले नाही.

तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी एकच गोष्ट करा. आपल्या घराजवळ असा कोणता जीव आहे, ज्याला कोणी नेत नाही, त्याची आठवण करा. तो प्राणी असेल, शेजारचे अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील, किंवा आपल्याच घरातील कोणी असेल. तो बरा होईल का, हा हिशेब भगवंतावर सोडा. उद्या सकाळी माळ झाली की त्याची वाटी भरा.

सर्व जीव सुखी होवोत, हीच त्या करुणामूर्तीच्या चरणी प्रार्थना.